दुधाच्या नावावर गेलेले व्हॉल्व्ह

सुदुंबऱ्याजवळच्या एका लहान कारखान्यात मी व्हॉल्व्ह तपासायला होते. हेलियम वायू सोडायचा, मीटरवर गळती दिसते का बघायचं, नसली तर चिठ्ठीवर सही करायची. आखातातल्या एका व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर होती, दूध डेअरीसाठी म्हणून. तीन खेपा गेल्या. चौथी बंदरावर अडवली.

दोनच दिवसांत दिल्लीहून दोन अधिकारी आले. त्यांच्यातल्या बाईंनी माझ्याच सह्यांच्या चिठ्ठ्या माझ्यासमोर मांडल्या.

"दुधासाठी इतकी बारीक तपासणी कशाला, असं वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं होतं. पण विचारलं नाही," मी म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्या पत्त्यावर डेअरी नव्हतीच. माल तिथून दुसऱ्या देशात जायचा आणि तिथे अणुबाँबसाठी युरेनियम तयार करणाऱ्या यंत्रांना हे व्हॉल्व्ह लागतात, असा संशय होता. कुठला देश, ते त्या बोलल्या नाहीत. गेलेल्या तीन खेपा काही परत येणार नव्हत्या.

आता आपल्याला भीती वाटेल, म्हणून मी थांबले. वाटली नाही. समोरच्या चहावर साय धरली होती. ती बोटाने बाजूला केली आणि चहा पिऊन टाकला.

बाहेर लेथवरचे भाऊ उभे होते. व्हॉल्व्हचे सगळे भाग त्यांच्या हातचे.

"ताई, काय म्हनत्यात?"

मी सांगितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले.

"लय मन लावून केलतं वो त्ये काम," म्हणाले. "एक नग परत आला न्हाई."

त्यांचे डोळे भरले होते. काहीतरी बोलायला हवं होतं. मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

मालकांवर खटला दाखल झाला, तो अजून चालू आहे. आमच्यावर ठपका आला नाही. जबाब घेतले आणि सोडून दिलं. भाऊंनी लेथ सोडला, ते आता भावाबरोबर भातशेती करतात. मी खंडाळ्यात एका हॉटेलात चादरी-टॉवेलच्या खोलीत कामाला लागले.

परवा सासूबाई टीव्हीवर कुठल्याशा क्षेपणास्त्रांची बातमी बघत होत्या. "कुठं चाललंय गं हे?" त्यांनी विचारलं.

"लांब," मी म्हणाले, आणि त्यांना औषधाची गोळी काढून दिली.