अनंतरावांचा पहिला घास

रायपुरातल्या मराठी मंडळींच्या पंगतीत अनंतराव बसले, की पहिला घास त्यांचा, मग बाकीच्यांचा. हा मान त्यांना कोणी दिला नव्हता, त्यांनीच तो घेऊन टाकला होता. वीज खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस जेवणाबद्दल मात्र कधी खोटं बोलला नाही. स्वतःच्या लग्नात कढी पातळ झाली म्हणून सासऱ्यांना तोंडावर सांगून मोकळे! मुलगी स्वरदा हिने लहानपणी पहिली पोळी केली, तेव्हा म्हणाले होते, पापड बरा झाला. पोट्टी ढसाढसा रडली, आणि मोठी होऊन चक्क शेफ झाली.

तीच स्वरदा आता इथल्या एका नव्या हॉटेलात होती. मालकाच्या मागे लागून लागून तिने ऑयस्टर आणि वाइनची संध्याकाळ ठरवली. ऑयस्टर म्हणजे समुद्रातली कालवं, शिंपल्यातली, कच्चीच खायची; विमानाने बर्फात घालून आणलेली. प्लेटा भरलेल्याच परत आल्या तर पुन्हा बुफेचं पनीर सांभाळायचं, असं मालकाने बजावलं होतं. टेबलं भरायला तिने समता कॉलोनीतले सगळे ओळखीचे बोलावले.

प्लेटा आल्या आणि हॉल चिडीचूप. शिंपल्यात काहीतरी ओलं, राखाडी थरथरत होतं. कोणी हात लावेना. सवयीने सगळ्यांच्या माना अनंतरावांकडे वळल्या. आता आली का पंचाईत! हा माणूस काकडीसुद्धा वाफवून खाणारा. बायको मंदाकिनीने हळूच सुचवलं, की पोट बिघडलं म्हणा आणि उठा. ते उठणारच होते, पण स्वयंपाकघराच्या दारात स्वरदा दिसली, ॲप्रनचं टोक मुठीत आवळून उभी. त्या पोळीच्या दिवशीही ती अशीच फ्रॉक आवळून उभी होती.

अनंतरावांनी डोळे मिटले आणि शिंपला तोंडात उपडा केला. ऐवज घशात अडला तो अडलाच. खाली जाईना, वर येईना. जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाने मग समोरचा ग्लास घटघट रिकामा केला, छातीवर हात ठेवला आणि हुंकार दिला.

झालं, मंडळींना रीत समजली! सगळ्या हॉलने डोळे मिटले, शिंपला उपडा केला, ग्लास रिकामा केला आणि छातीवर हात ठेवून हुंकार दिला. दुसऱ्या ग्लासानंतर तर शिंपले मागून घेणं सुरू झालं. मालक खुशीत अनंतरावांपाशी आला आणि कैसा लगा म्हणून विचारू लागला. सगळ्यांचे कान तिकडे लागले.

"याच्यात काही कमी नाही," अनंतराव म्हणाले. मंदाकिनी नवऱ्याकडे पाहतच राहिली.

निघताना स्वरदाने त्यांना पार्किंगमध्ये गाठलं. "बाबा, सच बताओ. चव कशी होती?"

"मले काय माहीत? मी चावलंच नाही." अनंतरावांनी चपलेने एक खडा बाजूला सारला. "तुह्या पोळीले पापड म्हटलं होतं ना, ते इतकी वर्षं घशात अडकून होतं. आज दोन्ही एकदमच खाली गेलं."

स्वरदाला हसावं की रडावं कळेना. पुढच्या महिन्यात पुन्हा आहे, पहिलं टेबल तुमचंच, एवढंच ती कशीबशी म्हणाली.

"हव, येतो. पण जराशी फोडणी देशील का?"

"नाही," स्वरदा म्हणाली, आणि डोळे पुसत आत गेली.