तुळजाबाईच्या माळावरचा जागेवाला

कुडपणच्या पठारावर तुळजाबाईचा एक माळ होता. गवताचा, फुलांचा, आणि तिच्या आरडाओरड्याचा. गौरीच्या दिवसांत पोरी तेरडा न्यायला आल्या की ही कमरेवर हात ठेवून बांधावर उभीच. “एकेक जुडी न्या गो! गौर येतेय का हत्ती येतोय तुमच्या घरी?” तेरडा सरून सोनकीनं माळ पिवळा केला की बकऱ्यांवर डाफरणं सुरू. फुलांचं बी झडेपर्यंत माळावर ना बकरी, ना विळा. दिवाळी होऊन सगळ्यांची गवतं उडव्यांत रचून व्हायची, तेव्हा कुठं हिच्या माळाची पाळी. माघात वणव्याच्या भीतीनं कडेची पट्टी ती स्वतः जाळून घ्यायची, हातात ओला निरगुडीचा डहाळा घेऊन. चैत्रात उघड्या रानावर टिटवीनं अंडी घातली की टिटवी हिच्यावर ओरडायची आणि ही टिटवीवर. दोघींतली कुठली थांबली ते लांबून कळायचं नाही.

वाडीत गवतकापणी सगळ्यांनी मिळून व्हायची; आज याच्या रानात, उद्या त्याच्या. कापणाऱ्यांचा पुढारी चांगू. एकदा विळा चालायला लागला की त्याला पुढचं काही दिसायचं नाही. आदल्या वर्षी तुळजाबाई “अरे घरटं हाय, घरटं हाय!” ओरडत राहिली आणि चांगू “हो हो वैनी” म्हणत लावा पाखराच्या अंड्यांवरून सरळ पुढं गेला. ते तिनं महिनाभर मनाला लावून घेतलं.

म्हणून यंदा कापणीआधी ती गवतात वाकून वाकून फिरली. माळाच्या मधोमध, गवताच्या दाट झुंबाडाखाली, एक लावी अंड्यांवर बसलेली दिसली. मातीच्या रंगाची, मुठीएवढी, पण रुबाब पाटलिणीचा. तुळजाबाईनं जुन्या लाल लुगड्याची चिंधी फाडली, कारवीच्या काठीला बांधली आणि काठी शेजारी रोवली. म्हणजे चांगूला लांबूनच दिसेल.

चांगूला दिसली, आणि त्यानं जागच्या जागी चपला काढल्या.

लाल फडकं, रानात, काठीला! त्याच्या लेखी हा जागेवालाच, रानाची राखण करणारा देव. कुणीतरी राखण बांधलीय, दुसरं काय? त्यानं हात जोडले, लेकाला महाडच्या कारखान्यात चिकटव म्हणून गाऱ्हाणं घातलं, आणि दुसऱ्या दिवशी नारळ ठेवून गेला.

तुळजाबाईनं नारळ पाहिला. खरं सांगावं की नाय? तिनं लावीकडं पाहिलं. लावीनं अंडी नीट पोटाखाली घेतली. ‘जागेवाला तर जागेवाला,’ तिनं ठरवलं, ‘विळा तरी नाय लागणार.’ आणि नारळ पदराखाली घालून घरी आणला.

पण कापणीच्या दिवशी सकाळी अख्खी वाडी माळावर. पुढं चांगू, काखेत कोंबडा. मागचे दोघे पहारी घेऊन.

“पहार कशाला रे?” तुळजाबाईचा आवाज चिरकला.

“घुमटी बांधायची ना वैनी! देव असा गवतात बसवतात काय? आधी जागा साफ करूया, मग कोंबडा.”

विळ्यातून वाचवलेली लावी आता पहारीखाली जाणार. दिवाळीला मुंबईहून आलेला तुळजाबाईचा लेक किशोर तिच्या कानाशी लागला. त्याला एकट्यालाच खरं ठाऊक होतं, कारण नारळाची आमटी तो दोन वाट्या प्यायला होता.

“आये, टेन्शन नको घेऊस. अंगात आण. केस सोड, दोन गिरक्या मार, बोल, ‘मला गर्दी चालत नाय!’ एकदम सॉलिड इफेक्ट.”

“मेल्या, गप्प बसले म्हणून तर कोंबड्यापर्यंत आलं. आता देवाचा आवाज काढू? माझा काय कमी हाय?”

तो कमी नव्हताच. “थांबा रे!” उगारलेल्या पहारी तशाच थांबल्या. “इथं देव नाय. लावी हाय, अंड्यांवर बसलेली. फडकं मी बांधलंय. माझ्याच लुगड्याचं!”

चांगूच्या काखेतला कोंबडा कुरकुरला.

“मग माझा नारळ?” चांगूनं विचारलं.

“खाल्ला.”

“खाल्ला?”

“गोड होता हो भावोजी.”

माळावर असा हशा उसळला की म्हातारी माणसं गुडघे धरून खाली बसली. चांगूचे कान लाल झाले. “पाखरासाठी मी चपला काढून उभा! माझ्या पोराची नोकरी पाखराकडं मागितली मी!” कोंबडा किशोरच्या अंगावर फेकून तो विळा घेऊन तरातरा झुंबाडाकडं निघाला. तुळजाबाई त्याच्यामागं धावली, पण चांगूची टांग मोठी. त्यानं विळ्याच्या टोकानं गवत बाजूला केलं.

लावी हलली नाही. अंग चपटं करून, डोळा न मिटता त्याच्याकडं बघत राहिली. विळा तिच्यापासून वीतभर.

चांगू उकिडवा बसला. किती वेळ कोण जाणे. मागं तुळजाबाई येऊन पोचली. मग त्यानं गवत हळूच पूर्वीसारखं सारलं, उठला आणि अजून हसणाऱ्या मंडळींवर दबक्या आवाजात खेकसला, “दात काय काढताय? बसलीय ती! हळू बोला जरा!”

त्या दिवशी कुडपणच्या इतिहासात पहिल्यांदा गवतकापणी कुजबुजत झाली. कुणी तंबाखू मागितली तरी चांगू “श्शू!” करायचा. संध्याकाळी सगळा माळ भादरून निघाला आणि मधोमध गवताचं एक बेट उभं राहिलं.

चांगू तुळजाबाईशी बोलेना. ती समोरून आली की वाट बदलायचा. पण पाणवठ्याला जायची त्याची वाट आताशा माळावरूनच जायला लागली होती, हे तिनं पाहून ठेवलं. एका सकाळी तो बांधावर घुटमळला. दुसरीकडंच बघत म्हणाला, “फुटली का अंडी?”

“फुटली. पिल्लं आयशीमागून पळाली पण गवतात.”

“कितीशी असतात गो ती?”

तुळजाबाईनं अंगठ्याचं पेर दाखवलं. चांगूनं ते नीट पाहिलं, मान डोलावली, आणि एकदम अबोला आठवून तोंड फिरवलं.

“तुला कोण विचारतंय?” असं म्हणून तो चालता झाला.