प्लग माझ्या मुठीत होता

प्लग माझ्या मुठीत होता आणि नवरा भिंतीशी पडला होता. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, छाती हलत नव्हती. मी आधी त्याच्याकडे पाहिलंच नाही. हातातल्या प्लगकडे पाहिलं. दोन्ही पितळी पिना माझ्याच मुठीत होत्या. मग करंट आला कुठून? ते कळेना, म्हणून त्याला हात लावायची हिंमत होईना. वाटलं, करंट त्याच्या अंगात बसला आहे, शिवलं की माझ्यात येईल. मला पाचवा महिना होता.

"शिवू नको त्याले!" सासू आतल्या दारातून ओरडली. मी शिवणार नव्हतेच.

बालाघाटला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बहात्तर-त्र्याहत्तरचा सुमार असेल. लाउडस्पीकरचे मोठे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला यायचे, पण त्यांचा नकाशा कोणाकडेच नसायचा. नकाशाशिवाय कुठला भाग कशाला जोडला आहे ते समजत नाही. म्हणून नवरा बोर्ड उलटा करून खिडकीकडे धरायचा, तांब्याच्या रेघांवरून बोट फिरवायचा आणि मी त्या रेघा कागदावर काढायची. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण रेघ ओढायला शाळा लागत नाही. त्यावरून तो पुन्हा नीट नकाशा काढायचा, करंट कुठून येतो, कुठे जातो त्याचा.

मला त्या कामाची पहिल्यापासून भीती होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याला एकदा झटका बसलेला मी पाहिला होता. तेव्हापासून मी नियम केला. आत हात घालायच्या आधी त्याने प्लग काढून माझ्या हातात द्यायचा. काम संपेपर्यंत मी तो सोडत नसे, मग एका हातानेच रेघा ओढायच्या. सासू हसायची. "पाह्य कशी नवऱ्याचा जीव मुठीत धरून बसली!"

प्लग काढल्यावर तो आणखी एक करायचा. बल्बाच्या दोन वायरी एका जाड कंडेन्सरला लावायचा. बल्ब भपकन पेटून विझायचा. मला वाटायचं, बल्ब तपासतो. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्या दिवशी परसवाड्याचा लाउडस्पीकरवाला दुकानात स्टुलावर बसून होता. दुसऱ्या दिवशी त्याला लग्नात ॲम्प्लिफायर लावायचा होता.

"वहिनी, जरा जल्दी हात चालवा," तो म्हणाला. "नाही तं उद्या वरातीत मलेच ओरडा लागन."

"ओरडा की. गळा तं चांगला हाय तुमचा," मी म्हटलं.

दुपारपर्यंत नकाशा जवळजवळ झाला. नवऱ्याने त्यावर एका जागी बोट ठेवलं. "हा रेझिस्टन्स पाह्य. कंडेन्सरच्या दोन्ही टोकांवर बसवला हाय. प्लग काढला का हाच त्याले रिकामा करते. आता बल्बाचं काम नाही."

"मंग बल्ब काहून लावत होते आतापर्यंत?"

"तुले नाही समजत. धर."

त्याने करंट सुरू करून मीटर लावून पाहिलं, मग प्लग काढून माझ्या हातात दिला. कंडेन्सर रिकामा व्हावा म्हणून थोडं थांबला. बोर्डाचा एक कोपरा कागदावर काढायचा राहिला होता. तो मला दिसावा म्हणून त्याने डाव्या हाताने लोखंडी सांगाडा धरून वर उचलला आणि उजव्या हाताचं बोट रेघेवरून फिरवायला लागला. "ही रेघ इकडून..." एवढंच बोलला. मग काहीतरी फटकन वाजलं आणि तो मागे फेकला गेला.

लाउडस्पीकरवाल्याने त्याला पाय धरून ओढलं. छातीवर बुक्क्या मारल्या. "ओ मिस्त्री! उठो भाई! मिस्त्री!" सासू देवाला हाका मारत होती. मी जागची हलले नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, हा मेला आणि मी प्लग धरून बसले आहे.

मग घशातून घरघर आली. त्याने श्वास घेतला. बराच वेळ नुसता घेत राहिला. पहिला शब्द बोलला तो, "प्लग?"

मी मूठ उघडून दाखवली. तळहातावर पिनांचे वळ उठले होते.

ते पाहून तो घाबरला. त्याला घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी उठून बसला तेव्हा उजव्या बोटाचं टोक जळून काळं झालं होतं. लाउडस्पीकरवाल्याला मीटर धरायला लावून त्याने तोच रेझिस्टन्स तपासला. वरून रंग शाबूत, आतून तुटलेला. त्यामुळे प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये साठलेला करंट तसाच राहिला होता. नकाशात मी तो जसाच्या तसा काढला होता. पण नकाशात भाग चांगला आहे की मेलेला, ते दिसत नाही.

सकाळी त्याने उरलेला कोपरा काढायला बोर्ड पुन्हा खिडकीशी धरला. मी पेन्सिल उचलली नाही.

"आधी बल्ब," मी म्हटलं.

"रातभर बंद हाय तो."

"आधी बल्ब."

त्याने वायरी लावल्या. बल्ब पेटला नाही. तेव्हा मी कागद पुढे ओढला. पण तेव्हापासून काढलेल्या सगळ्या नकाशांत माझ्या रेघा वाकड्याच आल्या. नकाशे चुकले नाहीत, फक्त रेघा वाकड्या.

नवरा वाचला. पोटातली मुलगीही वाचली.