जांभळ्या उजेडाची बॅटरी

मी मुळातली भित्री. पाल दिसली तरी खाटेवर चढून बसणारी. त्यामुळे मी ही गोष्ट सांगायला लागले, की यातली निम्मी भीती तुझ्या स्वभावाची, असं आमचे हे हटकून म्हणतात. म्हणोत. उरलेली निम्मी तरी खरी होती ना, एवढं मी विचारते, आणि मग ते पेपर उघडून बसतात.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. आमचं बिऱ्हाड सांगलीत होतं आणि पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी आले होते, कवठे महांकाळपासून जरा आत असलेल्या गावात. तिकडची जमीन कोरडी आणि नुसती दगडाची. शेत नीट करताना निघालेले दगड रचूनच बांध घालायचे आणि घराभोवतीचं कुंपणही त्याच दगडांचं. त्या दगडांत विंचू असायचेच. अंथरूण झटकून टाकायचं, चप्पल आपटून घालायची, हे आम्हाला बोलायला लागायच्या आधीपासून येत होतं. लहानपणी त्याची मला एवढी भीती नव्हती, कारण डसला तर मला डसणार होता.

पोरगा झाला आणि सगळं बदललं. आदल्या उन्हाळ्यात पलीकडच्या वस्तीवरचं एक तान्हं मूल विंचवानं गेलं होतं. तांबडा विंचू, करंगळीपेक्षा लहान. मोठ्या काळ्या इंगळीला सगळे घाबरतात, पण जीव घेतो तो हा बारका, असं आई सांगायची. ती हे सांगायची आणि निवांत भाकरी थापायची. मी मात्र बाळाचं दुपटं झटकायची, उलटं करून पुन्हा झटकायची, आणि त्याला निजवल्यावर परत उचलून तिसऱ्यांदा बघायची. पोराची झोप मोडायची. आई म्हणायची, विंचू राहिला बाजूला, ह्या पोराला तूच जागवून मारशील.

एका रविवारी हे बाळाला बघायला आले. येताना बाळाला टोपडं आणतील, निदान खुळखुळा तरी, असं मला वाटलं होतं. यांनी खिशातून काढली एक बॅटरी. यांना पोस्टाच्या तिकिटांचा नाद. पुण्याला तिकिटांचं कसलंसं प्रदर्शन होतं, तिथून ती आणलेली. साबणाच्या वडीपेक्षा थोडी लांब, काळी, आणि पुढं काच असायची तिथं बोटाएवढी जांभळी नळी. चालू केली तर उजेड म्हणावा असा पडायचाच नाही. नुसती जांभळी झाक. त्या उजेडात डोळ्यांना दिसत नाही असं काहीतरी असतं आणि त्यानं काही काही वस्तू आपसूक चमकतात, असं यांनी मला समजावलं. सोबतच्या कागदावर, नळीकडे बघू नये, डोळ्यांना अपाय होतो, असं लिहिलं होतं. ते वाचलं आणि मी बाळाच्या तोंडावर पदर घेतला.

दिवसभर यांचे त्या बॅटरीचे प्रयोग चालले होते. माजघराची दारं लावून घेतली, खिडकीला घोंगडं टांगलं. तिकिटांच्या वहीत एका तिकिटाच्या कोपऱ्यावर पांढरा डाग चमकला. म्हणजे ते फाटलेलं तिकीट कुणीतरी चिकटवून यांच्या गळ्यात मारलं होतं. तेच तिकीट हे येईल त्याला कौतुकानं दाखवायचे, त्यामुळे मला बरंच वाटलं. मग यांचा सदरा बघितला. धुण्याच्या पावडरीमुळे तो निळापांढरा उजळला. दात चमकले, नखं चमकली. आई चहा घेऊन आली तर तिचे दोन्ही हात पिवळेहिरवे झाले. ती कप खाली ठेवून भिंतीलाच टेकली. हळद आहे, हळद अशी चमकते, असं यांनी सांगितल्यावर तिनं हात पदराला पुसले. मग पदरही चमकायला लागला.

माझा थोरला भाऊ तेव्हा सुट्टीवर आला होता. तो फौजेत, राजस्थानात वाळवंटात राहून आलेला. इतका वेळ तो उंबऱ्यात बसून जावयाचे खेळ बघत होता. तो म्हणाला, "दाजी, तिकडं आमच्यात एक सायब हुता. त्यो असल्याच बॅटरीनं इंचू हुडकायचा. ह्या उजेडात इंचू चमाकतो."

हे ऐकलं आणि मी बाळाला उचलून मांडीवर घेतलं.

दिवेलागणीला वीज गेली. तेव्हा रोजच जायची. दोघं बॅटरी घेऊन परसातल्या कुंपणाकडे गेले. मी बाळाला छातीशी धरून दारात उभी. कितीतरी वेळ काही ऐकू येईना, मग भावानं हलक्या आवाजात मला बोलावलं. जायचं नव्हतं, पण न जाता राहवेना. बाळाला आईकडे दिलं आणि गेले.

दोन दगडांच्या फटीत हिरवा विंचू होता. हिरवा म्हणजे पानासारखा नव्हे. अंगातूनच उजेड यावा तसा, निळसर हिरवा. पुढचे आकडे, पाय, वर वळवलेली नांगी, सगळं वेगवेगळं दिसत होतं. यांनी बॅटरी जरा सरकवली तर हातभर अंतरावर दुसरा. त्याच्या खाली एक बारका. ज्या कुंपणावर मी लहानपणी पाय सोडून बसायची, चिंचा खायची, त्यावर. बॅटरीचं एक वाईट होतं. तिचा उजेड लांब जायचाच नाही. विंचू दिसायला त्याच्या वीतभर जवळ जावं लागायचं, म्हणजे जो दिसला त्याच्या आधी किती न दिसलेले आपण ओलांडले, ते कळायचं नाही. मी पायाखाली बघितलं. काळोख होता. तिथून घरापर्यंत मी कशी आले ते मला आठवत नाही.

आता बाळंतिणीची खोली बघितल्याशिवाय मी पोराला आत नेणार नाही, असं मी सांगून टाकलं. दोघांनी खोली बघायला घेतली. पहिल्याच फेरीत उंबऱ्याशी काहीतरी चमकलं आणि मी किंचाळले. आईनं वाकून बोट लावलं. हळद. सकाळी उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलेलं. मग भिंतीवर लांब ओघळ चमकला. तीही हळद, पाचवीच्या पूजेची राहिलेली. खाटेच्या पायाला, तेलाच्या वाटीला, माझ्या लुगड्याच्या काठाला, दाराच्या कडीला, सगळीकडे हळद. पोराला तेलहळद लावायची, मला पोटाला लावायची, आलेल्या बायांच्या कपाळाला लावायची. त्या घरात हळद लागली नाही अशी जागा उरली नव्हती. रोजच्या उजेडात त्यातलं काहीच दिसत नव्हतं. दर वेळी मी मागं सरायची, दर वेळी आई बोट लावायची आणि म्हणायची, हळद. शेवटी शेवटी भाऊ हसायला लागला. मलाही हसू यायला लागलं. मी हसले याचा राग मला अजून येतो, पण भीतीनं दमलेलं माणूस हसतं, त्याला काय करणार.

खोली साफ आहे असं ठरलं. आईनं शेगडीसाठी शेणींची, म्हणजे गोवऱ्यांची, पाटी आत आणून ठेवली. बाळंतिणीला आणि बाळाला शेक द्यायला शेणीचाच विस्तव लागतो, आणि शेणी रचलेल्या असायच्या परसात, त्या कुंपणाला टेकून. हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. मी बाळाला झोळीत निजवलं. जुन्या धोतराची झोळी, तुळईला बांधलेली. तिचं एक टोक खाली लोंबायचं, ते पाटीवर पडलं होतं.

मी पुन्हा यांना म्हणाले, एकदा झोळीवर बघा. यांनी कंटाळून बॅटरी धरली. तिचे सेलही मंदावले होते. धुतलेलं धोतर निळंपांढरं उजळलं, आणि त्या पांढऱ्यात, काठाजवळ, एक हिरवट डाग दिसला. मी बोट दाखवलं.

"हळद हाय ती," आई म्हणाली. "सकाळी तेल लावलं तवा लागली आसंल. झोप आता गप."

हेही म्हणाले, हळदच. भाऊ बाहेर विडी ओढायला गेला. यांनी बॅटरी बंद केली. आणि मला ते सहन होईना. डाग आहे तर आहे, पण पोर त्याच्याजवळ नको. मी अंधारात झोळीचा काठ धरला आणि पोराला उचलायला वाकले.

अंगठ्यात विस्तव घुसला. मी ओरडले का नाही माहीत नाही. झोळीचा काठ हातातून सुटला, आणि त्याच क्षणी झोळीत पोर टाहो फोडून रडायला लागलं.

भाऊ धावत आला, कंदील आला. विंचू झोळीतच पडला होता, पोराच्या पायाशी, बारका, तांबडा. कंदिलाच्या उजेडात तो अगदी साधा दिसत होता. भावानं पोराला ओढून बाहेर काढलं, झोळी झटकली आणि वहाणेनं त्याचा चेंदा केला. मग सगळ्यांनी पोराला उघडं करून बघितलं. कंदील जवळ धरून बोटं, टाचा, मांड्या, पाठ, सगळं. कुठं काही नव्हतं. पण विंचू डसलेलं दिसत नाही. माझ्या अंगठ्यावरही काही दिसत नव्हतं, आणि माझा हात खांद्यापर्यंत जळत होता. पोर दचकून रडत होतं, भुकेनं रडत होतं, का त्यालाही डसला होता? त्याला विचारता येत नव्हतं. असली भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

ओरडा ऐकून शेजारी जमले, त्यांची जीप होती. भावानं मांत्रिकाचं नाव काढणाऱ्याला तिथंच गप्प केलं आणि आम्हाला जीपमध्ये घातलं. मी पुढं, आई पोराला घेऊन मागं, तिच्या बाजूला हे. मला दरदरून घाम सुटला होता आणि हातपाय मात्र थंडगार. तोंडात थुंकी साचत होती. छाती धडधडत होती, पण माझं सगळं लक्ष मागच्या रडण्याकडे. अर्ध्या वाटेत ते रडणं थांबलं. मी मागं वळून विचारलं, गप का झाला? झोपला असंल, आई म्हणाली. असंल, म्हणाली. मी ओरडून त्याला चिमटा काढायला सांगितलं. आईनं काढला. तो रडला, आणि मला बरं वाटलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी मला आडवं केलं, नाडी बघितली, एक गोळी दिली आणि उठायचं नाही म्हणून बजावलं. मोठ्या माणसाचं शरीर हे सोसतं, घाबरू नका, म्हणाल्या. मी म्हटलं, माझं जाऊ द्या, पोराचं बघा. त्यांनी त्याला तपासलं, बराच वेळ छातीला नळी लावली. तो पुन्हा रडायला लागला होता. त्या म्हणाल्या, डसल्याचं लक्षण आत्ता तरी दिसत नाही, पण एवढ्यात नक्की सांगता येत नाही. मग माझ्याकडे वळल्या.

"पाजून बघा. डसला असेल तर तो नीट ओढणार नाही, घामानं निथळेल. भूक असेल तर कळेल."

आईनं पोराला घट्ट धरलं. "न्हाई, बाई. ईख दुधात उतरतंय. ईख उतरंस्तवर न्हाई पाजायचं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुधातून विष जात नाही. आई मान हलवत राहिली. तिनं बाळंतपणं केलेली, पोरं वाढवलेली, तिचं कधी खोटं ठरलं नव्हतं. आज तासाभरापूर्वीपर्यंत तरी नाही. मी यांच्याकडे बघितलं. तू म्हणशील तसं, असं हे म्हणाले. उठता आलं असतं तर मी यांना एक ठेवून दिली असती.

आयुष्यभर मी बाहेरच्या गोष्टींना भ्यायले. पाली, अंधार, दगडांच्या फटी. त्या खाटेवर मी पहिल्यांदा स्वतःच्या अंगाला भ्यायले. पाजलं तर कदाचित मीच त्याला विष देणार होते. नाही पाजलं तर त्याला काय झालंय ते कळणार नव्हतं, आणि कळेपर्यंत उशीर झाला असता. पोर आईच्या हातात तोंड वळवून वळवून शोधत होतं. मी डावा हात पुढं केला.

"दे," मी म्हणाले.

आईनं दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पोराला तिच्याकडून घेतलं आणि माझ्या कुशीत ठेवलं. पहिल्यांदा त्यानं तोंडात घेऊन सोडून दिलं. मला माझीच छाती कानात ऐकू येत होती. त्यानं पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं, आणि आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग तिसऱ्यांदा त्यानं धरलं आणि ओढायला लागला, असा जोर लावून की मला कळ आली. तो ढोसत होता. गिळल्याचा आवाज येत होता. माझा घाम माझ्या मानेवरून त्याच्या टोपड्यावर पडत होता. मी ते टोपडं मागं सरकवलं आणि त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. कपाळ कोरडं होतं.