कैचीखालची खोली

भूकंपात आमच्या घराच्या दगडी भिंती ढासळल्या आणि माय कमरेपर्यंत मातीत गाडली गेली. तिला ओढून बाहेर काढलं, तेव्हापासून ती बाहेरच राहिली. पुढं दोन वर्षं ती अंगणात निजली, पावसात ताडपत्री ओढून, आणि मलाही शेजारी निजवलं. डासांनी फोडून काढलं तरी ऐकायची नाही.

माझी दहावी झाली तेव्हा लातुरात गल्लोगल्ली शिकवण्यांच्या पाट्या झळकत होत्या. वडिलांनी मला तिथं ठेवायचं ठरवलं. माय म्हणाली, "पोरगी परक्या छपराखाली निजणार न्हाई." मी रडले, भांडले, आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. डोकं माझं पहिल्यापासूनच गरम.

त्याच आठवड्यात मिस्त्रीचाचा आमच्या नव्या घराचं छप्पर चढवत होते. पडक्या घरातली सागवानी तुळई त्यांनी आढ्यासाठी काढली, तशी माय किंचाळली, "ते लाकूड नको! तेच अंगावर आलं माझ्या."

चाचा शिडीवरून उतरले. "भाबी, लाकडानं दगा दिला न्हाई. तुळया, खांब जागच्या जागी होते. अंगावर आली ती भिंत."

त्यांनी दोन काठ्या शेंड्याशी खिळ्यानं जोडून जमिनीवर उभ्या केल्या. "हे वासे. वरून दाबा." मायेनं दाबलं, काठ्या फाकल्या आणि सपाट झाल्या. मग त्यांनी दोन्ही काठ्यांची खालची टोकं एका आडव्या पट्टीनं जोडली. "ही झाली कैची. आता दाबा." मायेनं दाबलं. मग पदर खोचला आणि दोन वर्षांचा सगळा राग काढून दोन्ही हातांनी दाबलं. काठ्या हलल्या नाहीत. त्या काठ्या तिनं चुलीत घालू दिल्या नाहीत.

दोन दिवसांनी म्हणाली, "लातूरला मीबी येते. खोली मी बघणार."

सहा खोल्या बघितल्या. सगळ्यांवर स्लॅब. "ह्याला कशानं धरलंय ते दिसंना," म्हणत ती प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडायची. घरमालक हसायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सातवी खोली गच्चीवरची, पत्र्याची, तव्यासारखी तापलेली. वर उघडी लाकडी कैची. मायेनं स्टूल मागितलं, चढली, आडव्या पट्टीवर दोन थापा मारल्या. "हितं राहा."

बाकीच्या पोरी स्लॅबखाली, आणि मी या भट्टीत! फणफणत मी खालच्या नळावर घागर भरायला गेले.

परत आले तर माय चटईवर आडवी झालेली. बरोबर आढ्याखाली, घामानं डबडबलेली, तोंड उघडं, चक्क घोरत होती. भर दुपारी, छपराखाली. घागर ठेवली असती तर आवाज झाला असता. मी ती तशीच कमरेवर धरून दारात उभी राहिले.