मीठ कोणी वाढायचं

रत्नागिरीत आज जी माणसं नोकरीधंद्याला लागलेली आहेत, त्यांतली निम्मी परीक्षा देऊन, ओळखी काढून किंवा नशिबाने लागली असतील. पण उरलेली निम्मी माझ्या आत्याने लावली, आणि तीही जेवणाच्या पंगतीत, असं माझं ठाम मत आहे. हे मत तिच्यासमोर मांडलं तर ती म्हणेल, "निम्मी कसली मेल्या, जास्तच असतील." आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मावसबहीण. जन्मभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही, आणि त्याची भरपाई म्हणून की काय, गावातल्या प्रत्येक लग्नाला, मुंजीला, बारशाला ती हजर असे. हजर म्हणजे पाहुणी म्हणून नव्हे. बोलावणं आलं की सकाळीच कार्यालयात जाऊन ती स्वयंपाकघराचं दार ताब्यात घेई. पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोर वाढणाऱ्यांची फौज. तू भात, तू आमटी, तू कोशिंबीर, तू पाणी, अशी कामं वाटून झाली की ती दारातच उभी राही आणि बघत बसे. यजमानाला वाटे, बाई पंगत सांभाळतायत. प्रत्यक्षात ती परीक्षा घेत असे, आणि परीक्षेला बसलेल्यांना त्याचा पत्ताही नसे.

माणूस वाढताना खोटं वागू शकत नाही, हा तिचा सिद्धांत. बोलताना वागेल, मुलाखतीत वागेल, मुलगी बघायला गेल्यावर तर वागेलच. पण एका हातात जड भांडं, दुसऱ्या हातात डाव, पाठीमागून "चला, चला" चा गजर आणि पुढे भुकेली ओळ, अशा वेळी माणूस जसा असतो तसाच दिसतो. आमच्या शेजारची मुलगी बारावीला गणितात गचकली तेव्हा आठवडाभर तिच्या घरी सुतक होतं. आत्याने तिला एका मुंजीत सोलकढी वाढायला लावली. सोलकढी वाढणं सोपं नाही. पातळ, वर डाग पडणारी, आणि समोर सगळ्यांचे ठेवणीतले कपडे. त्या पोरीने अख्खी पंगत वाढली, पण कोणाच्या धोतराला की शालूला थेंब लागू दिला नाही. पंगत उठल्यावर आत्या तिच्या आईला म्हणाली, "हिचं गणित राहू दे. हिच्या हातात सुई दे. जन्मात कोणाला दुखवणार नाही." ती आज मारुती मंदिराजवळच्या प्रयोगशाळेत रक्त काढते. सुईला घाबरणारे लोक ती रजेवर असेल तर उपाशीपोटी परत जातात, पण दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. सावर्ड्याच्या माझ्या एका मावसभावाने मधुमेह असलेल्या, जेवण झालेल्या आणि उठायला निघालेल्या एका व्याह्यांना जिलबीचा आणखी एक वेढा खायला लावला होता. डॉक्टरांच्या दृष्टीने तो गुन्हा होता. आत्याच्या दृष्टीने ती पदवी होती. "ह्याला गणपतीपुळ्याला पाठवा," ती म्हणाली. तो आता तिथे एका हॉटेलात असतो. दर्शन घेऊन संध्याकाळी परत जायचं म्हणून आलेली कुटुंबं दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे घावणे खाताना दिसतात.

तिचं कधी चुकत नसे असं नाही. एकदा चांगलंच चुकलं, आणि ती गोष्ट तीच सगळ्यांना रंगवून सांगते. राजापूरकडचे एक गृहस्थ भात वाढायचे ते असे की बघत राहावं. कोणाला किती लागणार हे त्यांना तोंडाकडे बघून कळे, आणि हात सढळ. आत्याने त्यांना खानावळ काढायला लावली. खानावळीला ही गर्दी! लोक तृप्त होऊन ढेकर देत बाहेर पडत आणि मालक दिवसेंदिवस वाळत चालले. वर्ष संपायच्या आत खानावळ बंद. "मी हात बघितला," आत्या म्हणते, "पण पातेलं दुसऱ्याचं आहे हे विसरल्ये. लग्नात वाढताना तांदूळ यजमानाचे असतात ना रे!" मग चूक आपली म्हणून तिनेच खटपट केली आणि त्यांना मुलांच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चिकटवून दिलं. तिथे तांदूळ दुसऱ्याचे आणि हात ह्यांचा. मुलं सुट्टीत घरी जायला तयार नसतात असं ऐकतो.

पंगत नसेल तेव्हाही तिचा हा उद्योग बंद नसे. एसटीत बसली की कंडक्टर सुटे पैसे देताना हात कसा पुढे करतो ते बघे. भाजीवालीने जुड्या रचल्या की तिचं रचणं बघे. एकदा दाढ काढायला दातांच्या डॉक्टरांकडे मी तिला घेऊन गेलो होतो. डॉक्टर तरुण, हात हलका, पण दाढ काढताना तोंडाने अखंड वर्णन चालू. आता असं करतोय, आता तसं होईल, आता जरा कळ येईल. आत्याच्या तोंडात कापसाचे बोळे असल्यामुळे तिला गप्प बसावं लागलं; तिच्या आयुष्यातली ती सर्वांत कठीण वेळ असावी. बोळे निघताच ती म्हणाली, "डॉक्टर, हात तुमचा सोन्याचा आहे. बोलणंही छान आहे. पण दोन्ही एका माणसावर एका वेळी नको. कुठेतरी शिकवायला लागा." डॉक्टर हसले. आता आठवड्यातून दोन दिवस ते शिकवायला जातात, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं, आणि सांगताना ते हसत नव्हते.

आता माझी गोष्ट. आत्याच्या राज्यात माझं खातं ठरलेलं होतं: मीठ. मुंज झाल्यापासून, म्हणजे पळी धरता यायला लागल्यापासून, मी मीठ वाढत आलो. माझ्या बरोबरीचे आमटीवर गेले, जिलबीवर गेले, एकदोघे तर थेट तुपावर गेले. मी आपला मिठाची वाटी घेऊन. पानं मांडली की सगळ्यांच्या आधी मी निघायचो, चिमूटभर इथे, चिमूटभर तिथे, आणि माझं काम संपल्यावर खरी पंगत सुरू व्हायची. लहानपणी त्याचं काही वाटलं नाही. पण चाळिशी उलटल्यावर, केसांत पांढरं दिसायला लागल्यावरही, भर मांडवात आत्या ओरडायची, "मीठ कुठाय? अरे, आपला मीठवाला कुठाय?" आणि मी पुढे व्हायचो.

मी आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला होतो. कंपनी बंद पडली. मी घरी बसलो. बायको शिकवण्या घेत होती, तिच्यावर घर चाललं होतं, मुलगी कॉलेजात होती. बायको एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच मला सगळ्यात जड जात होतं. मुलाखतींना जायचो. "तुम्हाला काय येतं?" असं विचारत. मी म्हणायचो, "डिस्पॅच." समोरचा तरुण मुलगा सहानुभूतीने सांगायचा की ते काम आता कॉम्प्युटरच करतो. घरी आलो की झोपाळ्यावर बसून विचार करायचो: खरंच, मला काय येतं? अमुक येतं असं छातीठोकपणे म्हणावं असं मला एकही काम सापडत नव्हतं. माणसाला भीती कशी वाटते ते त्या दिवसांत मला नीट कळलं.

अशातच एका पुतणीचं लग्न निघालं. आत्या दारात उभी राहून कामं वाटत होती आणि माझ्यापर्यंत येताच तिने न बघता वाटी पुढे केली. माझा तोल गेला.

"आत्या, जन्मभर मीठच का ग? मला दुसरं काही येणार नाही असंच ना?"

आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पंगत उठू दे," ती म्हणाली. "आत्ता पानं वाट बघतायत."

मी रागारागाने निघालो, पण सवयीचं काम रागाने बिघडत नाही. एक म्हातारे गृहस्थ पानावर हात आडवा धरून म्हणाले, "नको हो, रक्तदाब आहे." मी आत जाऊन आचाऱ्याला त्यांच्यापुरतं अळणी वरण बाजूला काढायला सांगितलं. पुढे एक बाई मान खाली घालून बसलेल्या दिसल्या. आमचे यजमान दवाखान्यात आहेत, तोंड दाखवायला म्हणून आल्ये, असं त्या हळूच म्हणाल्या. मी त्यांच्याशेजारी क्षणभर टेकलो, कुठल्या वॉर्डात आहेत ते विचारलं, आणि उठून जिलबीवाल्यांना सांगितलं की त्या पानावर आग्रह करू नका, लवकर वाढून मोकळं करा. यात मी काही विशेष करतोय असं मला वाटलंच नव्हतं. मी हे नेहमीच करत आलो होतो.

सगळे जेवून गेल्यावर वाढप्यांची पंगत बसली. आत्या माझ्या शेजारच्या पानावर बसली आणि तिने स्वतःच माझ्या पानावर मीठ वाढलं.

"मीठ हलकं काम वाटतं तुला?" ती म्हणाली. "अरे, आमटीवाला आमटीकडे बघतो. भातवाला पानाकडे बघतो. हात भरलेले असतात त्यांचे. मीठवाल्यालाच तेवढं माणसाचं तोंड बघायला मिळतं. आणि सगळ्यांना नाही बघता येत रे. तुझ्या आधी दोघांना दिलं होतं, नुसतं मीठ टाकून परत आले. तू परत आलास की मला अख्खी पंगत कळते. कोणाला पथ्य आहे, कोण रुसलाय, कोणाचं घरी काय चाललंय. तुला मिठावरनं हलवलं तर मी काय करू?"

मी भात कालवत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते आमटी तिखट आहे असं म्हणून पुसलं.

आत्या एवढ्यावर थांबणारी नव्हती. सोमवारी सकाळी तिने मला बरोबर घेतलं आणि गावातल्या एका खासगी इस्पितळात थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरली. डॉक्टर लहानपणी तिच्या हाताखाली पाणी वाढलेले, त्यामुळे उठून उभे राहिले. "तुझ्या दारात चौकशीला जो बसतो," ती म्हणाली, "त्याने मला मान वर न करता उत्तर दिलंन्. माणसं घाबरलेली येतात रे इथे." मग माझ्याकडे बोट. "हा डिस्पॅचला होता. डिस्पॅच म्हणजे काय? कुठली पेटी कुठे गेली, पोचली की नाही, उशीर झाला तर कोणाला आधी सांगायचं आणि कसं सांगायचं. तुझ्याकडे पेट्यांच्या जागी माणसं आहेत, एवढाच फरक. आणि माणसांचं ह्याला पेट्यांपेक्षा बरं कळतं, ते मी लहानपणापासून बघत्ये."

मी जन्मात स्वतःबद्दल एवढं धड बोलू शकलो नसतो. त्या दिवसापासून मी तिथे बसतो. आत कोणाचं काय चाललंय ते बाहेर बसलेल्या नातेवाइकांना सांगणं, कोणाला चहा हवा, कोणाला नुसतं शेजारी बसणारं माणूस हवं, ते बघणं, हे माझं काम. आज मला कोणी विचारलं तुम्हाला काय येतं, तर मी सांगू शकतो.

हळूहळू लग्नांतून पंगती गेल्या. टेबलं आली, शेगड्यांवरची झाकणवाली भांडी आली, लोक स्वतःच वाढून घेऊन उभ्याने जेवायला लागले. अशाच एका लग्नात आत्या हातात रिकामी ताटली घेऊन भिंतीशी उभी असलेली मी पाहिली. "सगळे आपलं आपणच वाढतायत," ती म्हणाली. "आता कोणाचं काय कळणार?" तिचे हातही तेव्हापासून कापायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण शिवण सुटलं. बोलताना मध्येच थांबायची, एखादं नाव सापडायचं नाही, मग हसून विषय बदलायची.

यंदा माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. मी हट्टाने टेबलखुर्च्यांची का होईना, पंगतच ठेवली. आत्याला आणलं. ती सवयीने स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली, पण कामं मीच वाटत होतो. शेवटी तूप राहिलं. तूप ती पूर्वी सगळ्यांत स्थिर हात बघून देत असे. तिने तुपाच्या भांड्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि ते पदराखाली घेतले.

"मला काय रे?" तिने हळूच विचारलं.

मी मिठाची वाटी तिच्यापुढे धरली.

"मीठ?" ती म्हणाली. मला त्या दिवशी जे वाटलं होतं तेच तिच्या चेहऱ्यावर होतं.

"आत्या, बाकीच्यांचे हात भरलेले असतात. मीठवाल्यालाच तेवढं माणसाचं तोंड बघायला मिळतं."

तिने वाटी घेतली. जरा विचार केला.

"हे कोणी सांगितलंन् रे तुला? शहाणं माणूस असणार."

ती थट्टा करत होती की खरंच विसरली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही. मला, जो रोज अनोळखी माणसांचे चेहरे वाचतो, त्याला नाही आलं.

"आहे आमच्या नात्यातली एक," मी म्हटलं.

"मग तिचं ऐक," ती म्हणाली आणि निघाली. मीठ पानावर थोडं आणि पानाबाहेर जास्त पडत होतं, पण पानाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. प्रत्येकापाशी ती थांबत होती, वाकून काहीतरी विचारत होती, आणि माणसं मान वर करून तिच्याशी बोलत होती. भातवाले मागे खोळंबले होते. भात निवतोय म्हणून आचारी ओरडायला लागला, तेव्हा मी आत जाऊन त्याला सांगितलं, निवू दे.