टाकीवरचा ध्रुव

पिंपळे गुरवात लग्न कुणाचंही असो, एका माणसाचा रुबाब नवरदेवाहून जास्त असायचा आणि तो माणूस म्हणजे चिमाजी. नवरदेव बिचारा एका दिवसाचा राजा, चिमाजी अख्ख्या लगीनसराईचा. गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, सात पावलं झाली, अंधार पडला, की भटजी उपरणं सावरत म्हणायचे, "चला, ध्रुव दाखवा." सगळा मांडव चिमाजीकडं बघायचा. मग हा उठणार. एकदम नाही हं! आधी मिशीवरून हात, मग फेट्याचा शेमला खांद्यावर, मग एक लांबलचक खाकरणं. नवरा-नवरीला मांडवाबाहेर नेऊन उत्तरेला तोंड करून उभं करणार, बोट वर करणार आणि विचारणार, "दिसला का?" दोघांनी म्हणायचं, "दिसला." की झालं लग्न पक्कं. तारा जसा जागचा हलत नाही तसा संसार हलायचा नाही.

हा मान त्याच्या घरात कधी आला, कुणी दिला, देव जाणे. पण होता. मानाचा नारळ, मानाचा फेटा आणि पहिल्या पंगतीतलं पहिलं पान. शेजारच्या आळीतला मालोजी या पानावर वर्षानुवर्षं डोळा ठेवून होता. "त्यात काय एवढं? बोट तर वर करायचं. मला काय बोट न्हाई?" असं तो चावडीवर म्हणायचा. चिमाजीच्या कानावर ते गेलं की चिमाजी पुढच्या लग्नात मुद्दाम अंमळ जास्तच खाकरायचा.

नुसता तारा दाखवून सोडेल तो चिमाजी कसला! आधी ध्रुवबाळाची गोष्ट. राजा उत्तानपाद, त्याच्या दोन राण्या, आवडती सुरुची आणि नावडती सुनीती. नावडतीचा ध्रुव बापाच्या मांडीवर बसायला गेला आणि सावत्र आईनं त्याला ढकलून दिलं. पोर रडत रानात गेलं, तप केलं, देव प्रसन्न झाला आणि म्हणाला, "जा, तुला असा पाट देतो की तितनं तुला कोण उठवायचं न्हाई." ही गोष्ट चिमाजी अशी सांगायचा, की जणू तो उत्तानपादाच्या वाड्यावर कामाला होता. सुरुचीचं बोलणं तो मालोजीच्या आत्याच्या आवाजात काढायचा आणि बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

आता खरी गोम सांगतो. या माणसाला तारा दिसत नव्हता! डोळ्यांवर पडदा आला होता, दोन्ही डोळ्यांवर. एकदा अंगणात उभ्या केलेल्या कडब्याच्या पेंढीला त्यानं "या पावणं, आत या" म्हणून बोलावलं होतं, आणि पावणे येईनात म्हणून वर रागावलाही होता. बायको कौशल्याबाई कपाळावर हात मारून म्हणायची, "पुण्याला दवाखान्यात चला, पडदा काढून घ्या. न्हाईतर एक दिस माझ्याऐवजी म्हशीला चहा मागाल."

"म्हस देईल तरी न बोलता," चिमाजी म्हणायचा.

पण दवाखान्यात जायचा नाही. का? तर एकदा का गावाला कळलं की ध्रुव दाखवणारा आंधळा, की मान मालोजीच्या घरी चालला. आणि मान गेला तर चिमाजीजवळ उरलं काय? शेत पोरगा बघत होता, बैल पोरगा बघत होता. म्हाताऱ्याला गावात अजून कुणी विचारत असेल तर ते या एका बोटासाठी. म्हणून तो अंदाजपंचे बोट वर करायचा आणि मनातल्या मनात भैरोबाची माफी मागायचा.

कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, म्हणता? अहो, लग्नात तारे बघायला कुणाला सवड आहे! नवरी मान खाली घालून असते, नवरा नवरीकडं बघत असतो आणि वऱ्हाडाचं लक्ष चुलवणावरच्या बुंदीकडं. बोट वर झालं, "दिसला" म्हटलं, की पळाले सगळे पंगतीला.

अशात नदीपलीकडं, पिंपरीच्या अंगाला, रंगाचा एक कारखाना उभा राहिला. तो काळच तसा होता. काल जिथं ज्वारी होती तिथं आज भोंगा. त्या कारखान्यानं पाण्याची भली उंच टाकी बांधली आणि टाकीच्या डोक्यावर एक मोठा दिवा बसवला. गावानं चार दिवस त्या दिव्याचं कौतुक केलं आणि पाचव्या दिवशी विसरून गेलं. चिमाजी तेव्हा तापानं अंथरुणाला खिळला होता. दिव्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही.

बरा झाला, तोच गावातल्या भैरूचं लग्न आलं. चिमाजीनं नेहमीप्रमाणे गोष्ट सांगितली, नेहमीप्रमाणे डोळे मिटून अंदाजानं बोट वर केलं, आणि सहज डोळे उघडले तर काय! समोर काळ्याभोर अंधारात एक लख्ख ठिपका. त्याच्या अंगावर काटा आला. जरा खाली वाटला खरा, पण म्हातारपणी आपली कंबर खाली आली, तसा ताराही आला असेल. त्यानं तिथल्या तिथं दोन्ही हात जोडले. भैरूला वाटलं, आपल्या सुखासाठी म्हातारा देवाला साकडं घालतोय. त्याचेही डोळे भरून आले.

त्या दिवसापासून चिमाजी बदलला. रोज दिवेलागणीला ओट्यावर येऊन उत्तरेला तोंड करून बसायचा. ठिपका उगवला की म्हणायचा, "आला माझा ध्रुव." बायकोनं दवाखान्याचं नाव काढलं की फणकारायचा, "मला ध्रुव दिसतो! तुला दिसतो का?" त्यानंतर जेवढी म्हणून लग्नं झाली तेवढ्यांना त्यानं मोठ्या ऐटीत, छाती पुढं काढून, कारखान्याचा दिवा दाखवला. कुणी वर बघितलंच तर त्याला वाटायचं, बोट दिव्याच्या वरच्या कुठल्यातरी ताऱ्याकडं असेल, एवढा जुना माणूस दिवा कशाला दाखवेल!

आणि मग घरचंच लग्न निघालं. नात छबू, चिमाजीचा जीव की प्राण. नवरामुलगा जोतीराम, मूळचा बीडकडचा. त्याच कारखान्यात वायरमन होता आणि दापोडीला खोली घेऊन राहायचा. चिमाजी गावभर सांगत सुटला, "जावई कंपनीत हाय, इजेचं काम करतो." वीज म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण जावई करतो म्हणजे ते काहीतरी मोठंच असणार.

लग्नाच्या दिवशी सगळं यथासांग झालं. अक्षता पडल्या, बँड वाजला. दापोडीचे मीरासाहेब गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. ध्रुव दाखवायची वेळ झाली की ते आपण होऊन बत्त्यांवर पोती टाकायचे, तारा नीट दिसावा म्हणून. आजही त्यांनी पोती टाकली. चिमाजीनं मिशीवरून हात फिरवला, शेमला टाकला, खाकरला आणि नातीला अन् नातजावयाला घेऊन बाहेर आला. अख्खा मांडव मागं आला, कारण आज घरचा मान. मालोजीही आला होता, आणि तो सगळ्यांत पुढं होता.

चिमाजीनं गोष्ट संपवली, ऐटीत मान वर केली, आणि तोंडचं पाणी पळालं. समोर काही नव्हतं. नुसता अंधार. त्यानं डोळे चोळले. अंधार. फेटा मागं सारला. अंधारच.

आता काय करायचं? त्यानं गोष्ट परत सुरू केली.

"तर मंडळी, मघाशी सांगायचं ऱ्हायलं. ध्रुवबाळ रानात गेला तवा तितं एक वाघ आला."

"मघाशी वाघ नव्हता," मालोजी म्हणाला.

"मघाशी तो पाणी प्याया गेला व्हता," चिमाजी म्हणाला आणि वाघ आणला. वाघामागं अस्वल आणलं. मग नाग. मग सुरुचीला पश्चात्ताप झाला, मग तिला पडसं झालं, मग तिच्या माहेरची माणसं आली. अधूनमधून चिमाजी हळूच वर बघायचा. ठिपक्याचा पत्ता नाही. आचारी ओरडू लागला, "भात गार व्हतोय!" मीरासाहेब म्हणाले, "चिमाजीभाऊ, पोती तापली. बत्ती किती वेळ झाकू? आता तुमचा वाघ मारा एकदाचा!"

"दाव की आता!" मालोजी म्हणाला. "का दिसंना?"

चिमाजीला बोट वर करून मोकळं होता आलं असतं, पूर्वी कितीदा केलं होतं. पण समोर छबू होती. तिच्या लग्नात खोटं बोट उचलायला हात उठेना.

"आज..." तो कसाबसा म्हणाला, "आज ध्रुव उगावला न्हाई."

एवढं ऐकताच मांडवात हलकल्लोळ उडाला. ध्रुव उगवला नाही? अरे, जो हलतच नाही तो गेला कुठं? एका म्हातारीनं तर "बुडालं, बुडालं!" म्हणत गळाच काढला. भटजी चटकन पंचांग उघडून बसले, पण बत्त्यांवर पोती, वाचणार काय कपाळ!

जोतीराम सरळ माणूस. त्यानं अदबीनं विचारलं, "आजोबा, रोज कुठं दिसतो तो?"

"ह्यो काय, हितं समोर. तुमच्या कंपनीच्या टाकीच्या अंगाला. लख्ख!"

"टाकीवर? टाकीवर तर दिवा असतो. मीच लावतो रोज सांजेला. आज लग्न म्हणून सुट्टी घेतली. माझ्या जागेवरचा गडी विसरला वाटतं लावायचा."

मग सगळ्यात आधी भैरू कळवळला, "म्हंजे माझ्या लग्नात मला कंपनीचा दिवा दावला व्हय?"

त्याची बायको बायांच्या घोळक्यातून म्हणाली, "तरीच! तरीच तुमी सांजंचं तेवढं घरात दिसता आन सकाळी गुल!"

हशाचा असा फवारा उडाला की आचारी उलथनं घेऊन बघायला आला. ज्यांची ज्यांची लग्नं अलीकडं झाली होती त्या बायका आपापल्या नवऱ्यांकडं नव्यानं बघू लागल्या. चिमाजी मात्र दगडासारखा उभा होता. तो दिवा होता. इतके दिवस तो ज्याला हात जोडत होता तो दिवा होता. हसणं त्याच्या कानात शिरत होतं आणि त्याला वाटत होतं, धरणीनं आता पोटात घ्यावं.

मालोजी ही वेळ सोडतो होय! "सरका," तो म्हणाला. "ह्यो मान आता आमचा. ह्यो बघा ध्रुव!" आणि त्यानं बोट वर केलं.

"ती शेपूट हाय सप्तर्षीची," भैरू म्हणाला. "ध्रुव ह्यो."

"अरं, तो तर लुकलुकतोय. ध्रुव लुकलुकत नसतो. तिकडं बघा."

"तिकडं पूर्व हाय, शहाण्या!"

बघता बघता पाच-सहा बोटं वर झाली आणि एकाही बोटाचं दुसऱ्याशी जमेना. भटजींना विचारावं तर ते म्हणाले, "आम्ही मंत्र म्हणतो. दाखवणं तुमच्याकडं." गंमत बघा, सगळ्या गावानं त्या ताऱ्यावर संसार बांधले आणि तो तारा कुठला हे गावाला माहीत नव्हतं.

तेवढ्यात छबूनं मान वर केली. नवरीनं लग्नात असं करायचं नसतं. कौशल्याबाईनं "अगं!" म्हणून तिचा पदर ओढला, पण छबूनं जोतीरामच्या उपरण्याशी मारलेली गाठ सांभाळत दोन पावलं पुढं टाकली.

"आबा, बोट द्या तुमचं."

चिमाजीनं यांत्रिकपणे हात पुढं केला. छबूनं ते बोट मेंदीच्या हातात धरलं आणि टाकीवरून सावकाश वर नेलं, बरंच वर, आणि किंचित डावीकडं.

"ह्यो बघा. बारीक हाय, पर ह्योच."

"तुला कसा गं ठाऊक?"

"तुमीच दावला न्हवं? खळ्यावर राखणीला घिऊन जायचा मला, तवा. रोज दावायचा."

चिमाजीनं विचारलं, "मंग तुला कळलं आसंल की म्या दिवा दावतोय. येवढ्या लग्नांत. बोलली का न्हाईस?"

छबू खाली बघून म्हणाली, "तुमी ओट्यावर बसून हात जोडायचा. लई खूश दिसायचा. मला न्हाई सांगवलं."

मालोजीचं बोट अजून वरच होतं. ते त्यानं डोकं खाजवायच्या निमित्तानं खाली घेतलं. चिमाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते त्यानं पुसलं नाही.

पण रीत ती रीत. ज्याला दाखवला त्याला विचारायचं असतं. छबूनं ते बोट तसंच वर धरून विचारलं, "दिसला का, आबा?"

सगळा गाव ऐकत होता. एक शब्द म्हटला असता तर निभावलं असतं. चिमाजी वर बघत राहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला,

"न्हाई, पोरी. मला न्हाई दिसत."

मग त्यानं दुसऱ्या हातानं चाचपत जोतीरामचा खांदा धरला आणि त्याला आपल्या बोटाखाली उभं केलं. "जावयबापू, माझ्याकडं नगा बघू. ती दावतीया तितं बघा."

जोतीरामनं बघितलं. चांगलं निरखून बघितलं, वायरमनच्या डोळ्यांनी.

"दिसला," तो म्हणाला.